शहात्तर अंश पूर्व

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावातून नाकासमोर दक्षिणेला निघालं, तर लातूर, कलबुर्गी, म्हैसूर ही शहरं थोडी डावी-उजवीकडे ठेवत माणूस केरळात कोल्लमच्या आसपास समुद्राला लागतो. तिथं जमीन संपते. पुढे विषुववृत्त, मग हिंदी महासागराचा अफाट रिकामा पट्टा, त्यात फ्रान्सच्या मालकीची आम्स्टरडॅम आणि सेंट पॉल ही दोन एकाकी बेटं, मग खवळलेली चाळिशी-पन्नाशीची अक्षांशं, मग हिमनग. जमीन पुन्हा लागते ती थेट अंटार्क्टिकाची. आणि नेमक्या त्या किनाऱ्यावर, लार्समन हिल्सच्या उघड्या खडकांवर, १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभारलेली एक इमारत आहे. तिच्यावर तिरंगा आहे. भारताचं 'भारती' संशोधन केंद्र ७६ अंश ११ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे आणि झरीचा रेखांश त्याहून जेमतेम अर्ध्या अंशाने जास्त. मधलं अंतर सुमारे ९,८०० किलोमीटर.

झरीहून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे कोकण किनारा, तोही साधारण चारशे किलोमीटर. इकडे मासळी म्हणजे तळ्यातला रोहू-कटला नाहीतर येलदरीच्या जलाशयातला मासा. तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात कोण किती मासे धरतं आणि पेंग्विनची पिल्लं किती वजनाची भरतात, याच्याशी मराठवाड्यातल्या वाचकाचा संबंध काय, असं कुणीही विचारील. माझ्या मते संबंध आहे, आणि तो भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. जो समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही त्यातून किती काढायचं हे ठरवणाऱ्या २७ सभासदांच्या मंडळात भारत १९८६ पासून मतासह बसतो. मत आपल्याकडे आहे. मोजमाप मात्र बहुतेक दुसऱ्यांचं आहे.

या मंडळाचं नाव लांबलचक आहे: अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्ती संवर्धन आयोग. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'कॅमलर' म्हणतात. कचेरी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्टला. करारावर १९८० मध्ये कॅनबेरात सह्या झाल्या, १९८२ च्या एप्रिलमध्ये तो लागू झाला. करार व्हायचं कारण एक बोटभर लांबीचा, कोळंबीसारखा दिसणारा जीव. क्रिल.

क्रिल फार तर सहा सेंटिमीटरचा, वजनाला एक-दोन ग्रॅमचा. पाच-सहा वर्षं जगतो, आणि उपासमारीच्या हिवाळ्यात कात टाकताना चक्क आकाराने लहान होतो. पण दक्षिणेकडच्या समुद्रात देवमासा, सील, पेंग्विन, अल्बाट्रॉस, स्क्विड या सगळ्यांचं पोट त्याच्यावर चालतं. देवमाशांची कत्तल झाल्यावर साठ-सत्तरच्या दशकांत काहींनी असा हिशेब मांडला, की खाणारे गेले म्हणजे क्रिल उरला असेल. तो माणसाने काढावा, जगाची प्रथिनांची भूक भागेल. सोव्हिएत संघाची जहाजं कामाला लागली. १९८१-८२ च्या हंगामात क्रिलची एकूण पकड पाच लाख टनांच्या वर गेली. कॅमलर झाला तो या घाईला लगाम घालायला. त्यात एक नवी अट होती, आणि मासेमारीच्या करारांत ती त्या काळी जवळपास कुठेच नव्हती: फक्त पकडायच्या माशाचा नव्हे, तर त्याला खाणाऱ्यांचाही विचार करून मर्यादा ठरवायची.

भारत या गोष्टीत शिरला तो गोव्यातून. ६ डिसेंबर १९८१ ला मार्मागोवा बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते; ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. कासिम स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. त्याच संस्थेतले डॉ. अरुण पारुळेकर पहिल्या मोहिमेत होते आणि १९८६-८७ च्या सहाव्या मोहिमेचे नेते झाले. पण माझ्या मते या कथेतलं सगळ्यात लक्षात राहणारं मराठी नाव अदिती पंत यांचं आहे.

औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातली, मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांची ही मुलगी. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुण्याला, पुढचं शिक्षण हवाईत आणि लंडनला. समुद्राकडे त्या वळल्या ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक हाती पडल्यामुळे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. त्याआधी भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेत एकही स्त्री गेलेली नव्हती. बातमी तेवढीच झाली. पंतांचा विषय काय होता हे फारसं कुणी विचारलं नाही. त्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर काम करत होत्या, म्हणजे क्रिल जे खातो त्यावर. अन्नसाखळीच्या तळाशी किती उगवतं हे कळल्याशिवाय वर किती जगेल हे सांगता येत नाही.

हार्डींचा धागा इथे आणखी थोडा ओढण्यासारखा आहे. ते १९२५-२७ मध्ये 'डिस्कव्हरी' जहाजावर प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण जॉर्जिया बेटाभोवतीच्या समुद्रात होते. त्या सगळ्या संशोधनाचा खर्च देवमाशाच्या तेलावरच्या करातून निघत होता. शिकारीच्या पैशातून शिकारीचा हिशेब. जहाज पुढे जात असताना पाण्यातले सूक्ष्म जीव रेशमी जाळीच्या पट्टीवर आपोआप टिपत राहणारं यंत्र हार्डींनी त्या मोहिमेसाठी बनवलं, आणि सुधारलेल्या रूपात ते आजही दक्षिण महासागरात जहाजांमागे ओढलं जातं. एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं, कंटाळा न करता मोजत राहणं: या विषयातली सगळी खरी कमाई त्यातून आली आहे. मोठे शोध त्या मानाने थोडे.

भारतालाही एकदा क्रिल धरायची हौस आली होती. १९९५-९६ मध्ये 'सागर संपदा' हे मासेमारी संशोधन जहाज पहिल्या भारतीय क्रिल मोहिमेवर दक्षिणेला गेलं. क्रिल मिळाला. अडचण मिळाल्यानंतरची होती. क्रिल मेल्याबरोबर त्याच्या पोटातली पाचकद्रव्यं त्याचंच मांस विरघळवू लागतात, आणि कवचात फ्लोराइड इतकं असतं की सोलायला उशीर झाला तर ते मांसात उतरतं. म्हणजे काही तासांत जहाजावरच सोलून, शिजवून, गोठवून मोकळं व्हायला हवं. त्यासाठी तरंगता कारखाना लागतो. आपल्याकडे तो नव्हता, आणि बाजारातही क्रिलची कुणी वाट पाहत नव्हतं. भारताचा क्रिल व्यवसाय सुरूच झाला नाही. झालं ते बरं झालं असं मला वाटतं, कारण त्यामुळे आयोगाच्या टेबलावर भारताची एक दुर्मीळ जागा तयार झाली: ज्याचं जाळं पाण्यात नाही असा सभासद.

आता मोजण्याच्या प्रश्नाकडे. शेकडो मीटर खोल, लाखो चौरस किलोमीटर पसरलेल्या, अर्ध वर्ष बर्फाखाली जाणाऱ्या समुद्रात बोटाएवढे जीव किती आहेत हे कसं ठरवायचं? झरी मंडळातल्या शेतकऱ्याला याचं उत्तर अर्धं ठाऊक आहे, कारण दरवर्षी तो पीक कापणी प्रयोग पाहतो. सोयाबीनच्या शेतात दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. अशा थोड्या तुकड्यांवरून सगळ्या मंडळाचं उत्पादन ठरतं आणि त्यावरून विमा मिळणार की नाही तेही. तुकडा कुठला निघाला, कापताना कडेची झाडं आत धरली की बाहेर, यावरून बांधावर भांडणं होतात. ती भांडणं अडाणीपणाची नाहीत. चाळिशीच्या दशकात कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची नमुना पद्धत घडवणारे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, नेमकं हेच आकड्यांनिशी दाखवत होते: तुकडा फार लहान असला की कडेची झाडं आत येतात आणि उत्पादन फुगतं.

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. १९५८ मध्ये त्यांनी वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासह 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय: भारताच्या किनाऱ्यावर किती समुद्री मासा उतरतो याचा अंदाज नमुना पद्धतीने कसा काढावा. शिवारातून निघालेली पद्धत बंदरावर पोचली ती अशी. आणि गंमत म्हणजे कॅमलर आजही आपला समुद्र अन्न व कृषी संघटनेच्याच सांख्यिकी क्षेत्रांच्या क्रमांकांनी ओळखतो: ४८ म्हणजे अटलांटिकच्या बाजूचा, ५८ हिंदी महासागराच्या बाजूचा, ८८ प्रशांतच्या. भारती केंद्र ज्या पाण्याकडे तोंड करून उभं आहे तो विभाग ५८.४.२.

समुद्रात दोरीने तुकडा आखता येत नाही, म्हणून आवाजाने आखतात. जहाज आधी ठरवलेल्या सरळ रेषांवरून जातं आणि तळातून ध्वनीचे ठोके खाली सोडतं, ३८ आणि १२० किलोहर्ट्झ अशा निरनिराळ्या वारंवारतेचे. प्रतिध्वनी परत येतो. क्रिलचा थवा १२० ला जास्त जोरात उत्तर देतो, ३८ ला कमी. मोठ्या माशाचं तसं नसतं. या फरकावरून क्रिल ओळखायचा, मधूनमधून जाळं टाकून खात्री करायची, लांबी मोजायची, मग रेषांवरून साऱ्या क्षेत्राचा हिशेब. २००० साली जपान, ब्रिटन, अमेरिका आणि रशिया यांच्या चार जहाजांनी मिळून क्षेत्र ४८ असं पालथं घातलं. उत्तर आलं: ४ कोटी ४३ लाख टन. काही वर्षांनी एका क्रिलकडून किती आवाज परततो याचं गणित सुधारलं आणि त्याच नोंदींतून ३ कोटी ७३ लाख टन निघाले. २०१० मध्ये पुन्हा तपासलं, तर ६ कोटी ३ लाख. समुद्र तोच, प्रवास तोच, नोंदी त्याच. पाण्यात क्रिल तिरका पोहतो की आडवा, याबद्दलचं गृहीतक बदललं की कोट्यवधी टन येतात आणि जातात. २०१९ मध्ये अनेक देशांनी मिळून पुन्हा पाहणी केली, त्यात मासेमारीची जहाजंही होती. तेव्हा ६ कोटी २६ लाख टन आले. म्हणजे आकडा बऱ्यापैकी टिकला.

याला विज्ञानाची फजिती म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन वेळा बदललेला आकडा दोन्ही वेळा जाहीरपणे बदलला, कारणासकट. आपल्याकडची पैसेवारी अशी किती वेळा बदलते?

याच आकड्यातून मर्यादा निघते. ६ कोटी ३ लाखांचे ९.३ टक्के म्हणजे ५६ लाख १० हजार टन, ही कागदावरची वरची हद्द. नेहमीच्या मासेमारीत साठ्याचा निम्मा भाग राखला तरी चालतं असं मानतात. इथे खाणाऱ्या प्राण्यांसाठी तीन चतुर्थांश राखायचा असं गणित आहे. शिवाय पकड कुठे एकवटते हे नीट वाटून देईपर्यंत ६ लाख २० हजार टनांवर थांबायचं, असं ठरलं. साठ्याच्या जेमतेम एक टक्का. ऐकायला नगण्य वाटतं. पण जहाजं साऱ्या समुद्रात फिरत नाहीत. जिथे थवा दाट तिथेच जातात, आणि पेंग्विनही तिथेच जातो.

म्हणून दुसरी मोजणी लागते, प्राण्यांची. कॅमलरचा परिसंस्था निरीक्षण कार्यक्रम १९८९ पासून रीतसर चालू आहे. त्यात आदेली, चिनस्ट्रॅप, जेंटू, मॅकरोनी हे पेंग्विन, अंटार्क्टिक फर सील, काळ्या भुवईचा अल्बाट्रॉस आणि काही पेट्रेल पक्षी यांच्याकडून क्रिलची खबर काढतात. (मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेले पेंग्विन या यादीत शोधू नका. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. बर्फाशी त्यांचा संबंध नाही.) मोजायच्या गोष्टी साध्या आहेत: वसाहतीत परतताना नर-मादीचं वजन किती, अन्न शोधायला गेलेला पालक किती तासांनी आला, किती पिल्लं जगली, घरटं सोडताना पिल्लू किती भरलं. क्रिल लांब गेला की फेरी लांबते आणि पिल्लू हलकं राहतं. प्रत्येक गोष्ट कशी मोजायची याची लेखी पद्धत ठरलेली आहे, म्हणजे अर्जेंटिनाच्या वसाहतीची तुलना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीशी करता यावी.

ऑस्ट्रेलियाच्या मॉसन केंद्राजवळ बेशेरवेझ नावाचं बेट आहे. तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आदेली पेंग्विनांच्या वाटेवर एक अरुंद फाटक आणि त्यात वजनकाटा बसवलेला आहे. पेंग्विन समुद्राकडे जाताना त्यावरून जातो, येताना त्यावरूनच येतो. अंगात बसवलेल्या चिपवरून तो कोण हे कळतं. जातानाचं आणि येतानाचं वजन यांतला फरक म्हणजे पिल्लासाठी आणलेला डबा. माणसाने हातही लावायचा नाही. हे बेटही विभाग ५८.४.२ मध्येच येतं, भारतीच्या पश्चिमेला.

या कार्यक्रमाचं सगळ्यात अवघड काम मोजण्याचं नाही, कारण सांगण्याचं आहे. पिल्लं मेली तर ती जाळ्यामुळे की हवामानामुळे? फ्रान्सच्या द्यूमाँ द्यूरव्हील केंद्राजवळच्या वसाहतीत २०१३-१४ मध्ये आदेलीचं एकही पिल्लू वाचलं नाही. २०१६-१७ मध्ये सुमारे १८,००० जोड्यांमधून दोन पिल्लं जगली. दोन! तिथे मासेमारीचा काही दोष नव्हता. समुद्रावरचं बर्फ मागे हटलं नाही, पालकांना मोकळ्या पाण्यासाठी फार लांब जावं लागलं. उलट २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ वेळेआधीच फुटलं आणि पाचपैकी चार वसाहतींतली सम्राट पेंग्विनची पिल्लं, पाण्यात टिकणारी पिसं फुटण्याआधीच, गेली. हे कळलं ते उपग्रहावरून. बर्फावर पडलेल्या विष्ठेचे तपकिरी डाग अवकाशातून दिसतात, त्यावरून २००९ पासून सम्राट पेंग्विनच्या वसाहती शोधल्या जातात. एक वर्षाची पाहणी यातलं काहीच सांगू शकत नाही. जिथे मासेमारी चालते आणि जिथे चालत नाही अशा दोन्ही ठिकाणी दहा-वीस वर्षांच्या सलग नोंदी असतील तरच तुलना होते.

क्रिल हा साऱ्यांचा चारा. पैसा मात्र टूथफिशमध्ये. मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांत 'चिलियन सी बास' या नावाखाली जो पांढराशुभ्र तुकडा येतो तो हा. पन्नास वर्षांच्या आसपास जगणारा, खोल पाण्यातला, सावकाश वाढणारा मासा, लांब दोरीला हजारो गळ लावून धरतात. त्याची मोजणी आणखी वेगळी. परवाना असलेल्या जहाजाने पकडलेल्या मालाच्या प्रमाणात, साधारण टनाला एक या हिशेबाने, मासे खूणचिठ्ठी लावून जिवंत सोडायचे. पुढच्या वर्षांत त्यातले किती परत गळाला लागतात यावरून साठा काढायचा. वय माशाच्या कानातल्या खड्यावरच्या वर्तुळांवरून. यासाठी जहाजावर वैज्ञानिक निरीक्षक असतो. ही योजना १९९२ पासून आहे आणि आता क्रिलच्या प्रत्येक जहाजावरही निरीक्षक सक्तीचा आहे. तो क्रिल मोजतो, जाळ्यात चुकून आलेले मासे मोजतो, दोरीला अडकून मेलेले पक्षी मोजतो. नव्वदच्या दशकात दक्षिण जॉर्जियाजवळ गळाला लागून हजारो अल्बाट्रॉस-पेट्रेल बुडत होते. दोरी रात्री सोडायची, तिला वजन लावायचं, वर पक्षी बुजवणाऱ्या पताका लावायच्या, अशा साध्या नियमांनी परवानाधारक जहाजांवरची ही हानी जवळपास थांबली. मला या सगळ्या कहाणीतलं हे निखळ यश वाटतं.

आणि विनापरवाना जहाजं? १७ डिसेंबर २०१४ ला 'थंडर' हे कुप्रसिद्ध चोरटं जहाज 'सी शेफर्ड' या संस्थेच्या जहाजाला बान्झारे बँक या उथळ भागात सापडलं. नकाशा पाहिला तर ते ठिकाणही सत्त्याहत्तर अंशांच्या आसपासच, म्हणजे आपल्या सरळ दक्षिणेला. पाठलाग ११० दिवस चालला, थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. तिथे साओ टोमेजवळ ६ एप्रिल २०१५ ला 'थंडर' बुडालं. त्याने मागे टाकलेली जाळी दुसऱ्या जहाजाने ओढून काढली ती ७२ किलोमीटर भरली. पोलिसी काम खासगी संस्थेला करावं लागलं, यात जी नामुष्की आहे ती आयोगातल्या सगळ्या सरकारांची आहे, आपल्याही.

परभणी जिल्ह्याला एका बाबतीत या निरीक्षणाची गरज समजावून सांगावी लागू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या, नमुने तपासले, बर्ड फ्लू निघाला. परिसरातल्या आणखी हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच रोगाचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत सापडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर, आणि त्याच वर्षाअखेरीस हिंदी महासागराच्या बाजूच्या केर्गेलेन आणि क्रोझे बेटांवर. दक्षिण जॉर्जियाच्या सगळ्यात मोठ्या वसाहतींत हत्ती सीलच्या प्रजननक्षम माद्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्या. हे सांगता आलं, कारण रोग येण्याआधीची गणती कुणीतरी करून ठेवली होती.

आता ताजा वाद. ६ लाख २० हजार टनांची हद्द चार उपविभागांत वाटून देणारा नियम २०२४ च्या अखेरीस संपला आणि नव्या नियमावर एकमत झालं नाही. मग २०२५ मध्ये जहाजं मोकळेपणी आवडीच्या जागी गेली आणि ऑगस्ट उजाडतानाच साऱ्या हंगामाची हद्द गाठली गेली. मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली. असं आधी कधी झालं नव्हतं. आयोगात निर्णय एकमताने होतात, एक सभासद 'नाही' म्हणाला की संपलं. रॉस समुद्राचं १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झालं, पण पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव वर्षानुवर्षं चीन आणि रशियाच्या हरकतींवर अडकलेले आहेत. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये या दोन्ही प्रस्तावांना जाहीर पाठिंबा दिला. भूमिका योग्यच आहे.

पण हरकत घेणारे दरवेळी एकच विचारतात: पुरावा कुठे आहे, ताजा आहे का, सलग आहे का? आणि इथे आपली झोळी हलकी आहे. भारती केंद्रासमोरच्या समुद्रात क्रिलच्या मोठ्या पाहण्या झाल्या त्या ऑस्ट्रेलियाच्या जहाजांनी, २००६ मध्ये आणि २०२१ मध्ये. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था लार्समन हिल्स आणि प्रिड्झ उपसागराच्या परिसरात स्नो पेट्रेलची घरटी, पेंग्विन आणि वेडेल सील यांच्या पाहण्या करत आली आहे, आणि ते काम चांगलं आहे. गोव्याच्या वास्कोत सडा हेडलँडवर १९९८ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र २००४ पासून दक्षिण महासागरात मोहिमा काढतं. मात्र बर्फात जाऊ शकेल असं स्वतःचं संशोधन जहाज भारताकडे आजही नाही. भाड्याचं जहाज केपटाऊनहून निघतं, 'मैत्री' या दुसऱ्या भारतीय केंद्राला आणि भारतीला इंधन, धान्य, माणसं पोचवतं आणि परततं. रसद पोचवायला घेतलेल्या जहाजावर ठरलेल्या रेषांवरून आठवडेच्या आठवडे फिरून आवाजाने समुद्र मोजायला वेळ कुठून मिळणार? २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ध्रुवीय जहाजासाठी १,०५१ कोटी रुपये मंजूर केले होते. जहाज झालं नाही. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी नव्याने सामंजस्य करार केला आहे.

ते जहाज पाण्यात उतरेल तेव्हा त्यावर क्रिल मोजणारी ध्वनियंत्रं आणि जाळी असावीत, आणि विभाग ५८.४.२ मधल्या ठरावीक रेषांसाठी दरवर्षी राखून ठेवलेले दिवस असावेत. हे दिवस रसदीच्या वेळापत्रकातून उरले तर, असे नकोत. भारतीजवळच्या पक्ष्यांची आणि सीलची गणती कॅमलरच्या लेखी पद्धतीने, वर्ष न चुकवता व्हावी. ध्रुवावर आणखी एक इमारत बांधण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि होबार्टच्या टेबलावर त्याचं वजन जास्त पडेल. पीक कापणीला जो हजर नसतो त्याला दुसऱ्याचा आकडा मुकाट मान्य करावा लागतो.

गोव्याचं केंद्र अंटार्क्टिक मोहिमांसाठी देशभरातल्या विद्यापीठांकडून आणि संस्थांकडून संशोधन प्रस्ताव मागवतं. त्यासाठी समुद्रकिनारी जन्मावं लागत नाही. साठ्याचा अंदाज, नमुन्याची निवड, त्रुटीची मर्यादा हे प्रश्न सांख्यिकीचे आहेत, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात व नांदेडच्या विद्यापीठात ते शिकणारी मुलं-मुली आहेत. त्यांनी पुढच्या वेळी अर्ज करावा, आणि त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना तसं सांगावं.